रुमालाखालची बोटे : एका परग्रहकथेची प्रस्तावना

जनावरांच्या बाजारात दोन अनोळखी माणसे समोरासमोर उभी राहतात, त्यांच्यापैकी एकाच्या खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर पडतो, आणि मग त्या कापडाखाली, कोणाच्याही दृष्टीस न पडता, बोटांना बोटे लागून एका बैलजोडीचे मोल ठरू लागते, हे दृश्य ज्याने लहानपणी पाहिले आहे त्याला, परग्रहावरील जीवांची आणि मानवाची पहिली भेट कशी होईल या प्रश्नाचे उत्तर केवळ दुर्बिणीतूनच मिळेल असे कधी वाटत नाही. उदगीर-देवणीच्या या टापूत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा एका पारावर बसतात; विकणारा कानडी आणि घेणारा तेलुगू असला, एकाला दुसऱ्याचे अवाक्षर कळत नसले, तरी सौदा अडत नाही, कारण रुमालाखाली बोलली जाणारी पाचवी भाषा सर्वांची आहे.

माझे आजोबा गुरांची पारख असणारे गृहस्थ होते. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, सर्वांगी पांढरा तो बालंक्या, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो शेवरा, असे देवणी गोवंशाचे प्रकार मला अक्षरओळखीच्याही आधी त्यांनी शिकविले. आणि गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या संकरातून हा वंश सिद्ध झाला, ही माहिती मला पुढे पशुवैद्यकाच्या पुस्तकात वाचावयास मिळाली, तेव्हा आमच्या गावाचे नाव धारण करणारे जनावर छापील पानावर उभे पाहून मला जितका अभिमान वाटला तितकेच नवलही वाटले. गुराख्यांनी गोठ्यात ठेवलेली ही नावे साहेबी दप्तरात जशीच्या तशी गेली होती. दप्तरात जाणाऱ्या प्रत्येक नावाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही, ही गोष्ट कळावयास मला पुढे पुष्कळ वर्षे लागली. आणि ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना मी लिहीत आहे त्याचा जन्म या उशिरा आलेल्या समजुतीतून झाला आहे.

ज्या जीवजातीची कथा या पुस्तकात सांगितली आहे तिला धातू ठाऊक नाही, चाक ठाऊक नाही, लेखन ठाऊक नाही. ती गुरे पाळते, गाठी मारून हिशेब ठेवते, आणि आपल्या जगाबाहेर दुसरे जग असेल अशी तिला शंकाही नाही. एके दिवशी तिच्या कुरणात बाहेरचे लोक उतरतात. ते क्रूर नाहीत, मूर्ख तर नाहीतच. त्यांच्याजवळ शस्त्रांपेक्षा नोंदवह्या अधिक आहेत. पुढे जे घडते ते वाचकाने कथेतच वाचावे. येथे मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, देवणीसारख्या गावात आयुष्य काढलेल्या एका निवृत्त शिक्षकाला हा विषय कोठून सुचला, आणि कल्पनेच्या या डोलाऱ्याखाली वास्तवाचे खांब कोणते आहेत.

पृथ्वीबाहेरच्या प्रवासाचे वेड मराठीला नवे नाही. कोचीनला सुरू झालेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाला मराठी वेष चढविला होता. पुढे १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. नारायण विनायक जगताप या नावाने ती कथा धाडणारे लेखक हे जयंत विष्णु नारळीकर आहेत, आणि त्यांनी आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे टोपणनाव घेतले आहे, हा उलगडा नंतर झाला. त्या घटनेने विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या ओसरीवरून माजघरात आणले. आमच्या पिढीने त्या कथा अधाशीपणाने वाचल्या. तथापि वाचता वाचता मला एक चुटपुट लागून राही. देशी असो वा विदेशी, परग्रहावरून येणारा जीव बहुधा आपल्याहून शहाणा किंवा आपल्याहून बलिष्ठ असे, आणि आपण दुबळे असू. अथवा आपण जाणारे असू आणि समोर कोणी नसेच. आपण बलिष्ठ, आपणच आगंतुक, आणि समोर नांगर हाकणारे, गुरे वळणारे, आपल्या देवाला नारळ फोडणारे कोणीतरी, असा प्रसंग आपल्या कथेत क्वचितच येई. आणि इतिहासात पाहावे तर हाच प्रसंग शेकडो वेळा घडलेला.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. मंगळावरचे जीव इंग्लंडवर चाल करून येतात, ही त्याची सुप्रसिद्ध कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने निघाली; तिच्या प्रारंभीच त्याने आपल्या देशबांधवांना टास्मानिया बेटावरील मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून दिली आहे. लंडनच्या वाचकाला त्याने त्याच्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभे केले. पाऊण शतकानंतर, १९७२ साली, अमेरिकेतील उर्सुला ल ग्विन या लेखिकेने बाजू पालटली. तिच्या कथेत अरण्यात राहणारी हिरव्या लोमांची एक लहानखुरी जात आहे आणि तेथे लाकूड तोडावयास पृथ्वीवरचे लोक आले आहेत. व्हिएतनामच्या युद्धाचा संताप त्या कथेमागे होता. परंतु त्याही मागे तिच्या घरातील एक जुनी आठवण होती असे मला वाटते. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल या गावी, आपल्या जमातीतील अखेरचा उरलेला एक मनुष्य भुकेने व्याकुळ होऊन गोऱ्यांच्या वस्तीत आला, तेव्हा क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आश्रय दिला. आपले नाव आपल्या तोंडाने परक्याला सांगू नये असा त्याच्या लोकांचा रिवाज होता, आणि त्याच्या वतीने ते सांगणारे दुसरे कोणी जिवंत नव्हते. म्हणून क्रोबर यांनी त्याला त्याच्याच भाषेत ‘मनुष्य’ या अर्थाचा ‘इशी’ हा शब्द नाव म्हणून दिला. १९१६ साली क्षयाने तो वारला. त्याचे खरे नाव कोणत्याही दप्तरात नाही. ल ग्विनचा जन्म त्यानंतर तेरा वर्षांनी, १९२९ साली झाला. परंतु ज्या घरात हा सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या नावांचा इतिहास वावरत होता त्या घरात ती वाढली.

माझ्या कथेतील जीवांनाही नाव नाही. आगंतुक त्यांना विचारतात, ‘तुम्ही कोण?’ त्यांतील एक म्हातारी, पाहुणा सौदा करावयास आला आहे अशा समजुतीने, ‘हात पुढे करा’ असे उत्तर देते; आणि तो उद्गार जातिवाचक नाम म्हणून नोंदवहीत चढतो, पुढे नकाशावर जातो, अखेर त्यांच्या ग्रहालाही तेच नाव मिळते. हा विनोद मी केवळ हशा पिकविण्यासाठी योजिलेला नाही.

आता त्यांच्या ग्रहाविषयी. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधून काढला, आणि तेव्हापासून परग्रह हा शब्द पुराणातून पंचांगात यावा तसा कल्पनेतून गणितात आला. आपल्या सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा प्रॉक्झिमा हा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याभोवती साधारण सव्वाअकरा दिवसांत एक प्रदक्षिणा करणारा ग्रह आहे, हे २०१६ साली जाहीर झाले. हा तारा लहान, मंद आणि तांबूस आहे, आणि आपल्या आकाशगंगेतील बहुसंख्य तारे याच जातीचे आहेत. अशा ताऱ्याची ऊब मिळावी म्हणून ग्रहाला त्याच्या फार जवळ राहावे लागते. आणि इतक्या जवळ राहणाऱ्या ग्रहाची गत, आपल्या चंद्राने पृथ्वीकडे सदैव एकच तोंड ठेवावे तशी होण्याचा संभव असतो. एका अर्ध्यावर न मावळणारे ऊन, दुसऱ्या अर्ध्यावर न उगवणारी पहाट, आणि दोहोंच्या मध्ये कायम संधिप्रकाशाचा एक पट्टा. त्या पट्ट्यात माझ्या जीवांचे कुरण आहे.

या एका गोष्टीतून किती गोष्टी निष्पन्न होतात याचा विचार करताना मी कित्येक रात्री जागून काढल्या आहेत. ज्यांचा सूर्य क्षितिजावर खिळ्यासारखा ठोकलेला आहे त्यांना पूर्व नाही, पश्चिम नाही. ‘उजेडाकडे’ आणि ‘अंधाराकडे’ या त्यांच्या दोनच दिशा. त्यांना दिवस नाही, म्हणून वार नाही. वर्ष आपल्या अकरा-बारा दिवसांचे आणि तेही ऋतूंविना, म्हणून ते वर्षाची दखल घेत नाहीत. आमच्याकडचा कुणबी रोहिणीत शेत तयार ठेवतो, मृगाकडे डोळे लावून बसतो आणि हस्ताच्या पावसावर रब्बीचा भरवसा ठेवतो. त्याचे सारे शास्त्र नक्षत्रांच्या नावांनी बोलते. माझ्या जीवांना नक्षत्रेच नाहीत. गाभण जनावर विण्यास जो अवधी लागतो तो त्यांचा काळाचा एकमेव गज आहे. ‘सात वेतांपूर्वीची गोष्ट’ असे ते म्हणतात. असे तारे वारंवार भडकतात हेही खगोलशास्त्रज्ञांनी पाहिले आहे. म्हणून सूर्य एकाएकी प्रखर होताच बिळात शिरणे हा त्यांचा धर्म आहे, आणि त्याच त्यांच्या सुट्ट्या. तारे कधीच न पाहिलेल्या लोकांची कल्पना आयझॅक आसिमोव्ह यांनी १९४१ साली एका कथेत अद्भुत रीतीने खुलविली आहे, हे ऋण मी येथेच मान्य करतो. त्यांच्या कथेत तारे एकाएकी दिसतात आणि लोक वेडे होतात. माझ्या कथेत तारे शेवटपर्यंत दिसत नाहीत. आगंतुक ‘आम्ही ताऱ्यांहून आलो’ असे सांगतात, आणि ऐकणाऱ्यांच्या भाषेत त्या शब्दाला जागाच नसल्यामुळे, हे लोक अंधाराकडच्या एखाद्या खेड्यातून आले असावेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होते.

एकाच ठिकाणी राहून दोन काळांत जगणे म्हणजे काय, हे मात्र मला कल्पनेने उभे करावे लागले नाही. आमचा उदगीर तालुका निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता. गावाचा महिना चैत्र-वैशाख. कचेरीचा महिना अझूर आणि देय. गावाचे साल शालिवाहन शकाचे. कचेरीचे साल फसली, म्हणजे इसवी सनाहून सुमारे ५९० ने मागे. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार, आमचा तो हाली, आणि सहा कलदारांना सात हाली असा त्यांचा भाव. बोलणे मराठीत, अर्ज उर्दूत. तालुकदार, तहसीलदार, पेशकार, गिरदावर ही अधिकाऱ्यांची उतरंड गावकऱ्याला पाठ असे. परंतु आपल्याच शेतासंबंधी आपल्याच नावाने काय लिहिले आहे हे त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हे राज्य भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही बीदर सोडून उस्मानाबादेत आलो आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात गेलो. यांतील एकाही प्रसंगी गाव तसूभर हलले नव्हते. रुमालाखालच्या सौद्यात दोन्ही हात सारखेच झाकलेले असतात. दप्तराच्या सौद्यात एक हात लिहितो आणि दुसऱ्याचा केवळ अंगठा लागतो, हा भेद मी पुस्तकात शिकलो नाही.

येथवर लिहून झाल्यावर, आपण सोसणाऱ्यांच्या बाजूचे आहोत अशा समाधानात मी हे पुस्तक पुरे केले असते. त्या समाधानाला तडा गेला तो किनवटमुळे. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. तो सारा डोंगराळ मुलूख राजगोंड, कोलाम, परधान यांचा. अरण्य कापून, दोनचार पिके घेऊन, जमीन थकली की पुढे सरकणारी त्यांची शेती होती, आणि जमीन कसणाऱ्याची हे त्यांना इतके स्वयंसिद्ध वाटे की तिचा कागद करून घ्यावा असे त्यांच्या मनातही येत नसे. पुढे सडका झाल्या, आगगाडी आली, जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि सपाटीवरून मराठी व तेलुगू बोलणारे कुणबी, व्यापारी, सावकार वर चढले. त्यांना कागदाची किंमत ठाऊक होती. कित्येक पिढ्यांची वहिवाट एका पट्ट्यापुढे निष्फळ ठरली. या अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला कुमराम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात आपल्या साथीदारांसह मारला गेला. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

त्यानंतर निजाम सरकारने या प्रकरणाच्या मुळाशी काय आहे हे पाहण्याचे काम ज्या माणसाकडे दिले, तोही एक आगंतुकच होता, आणि मोठा चमत्कारिक आगंतुक. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. १९३९ साली महायुद्ध पेटले तेव्हा ते हिंदुस्थानात होते, आणि त्यांच्याजवळ जर्मन पारपत्र असल्यामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरून त्यांचा वावर हैदराबाद संस्थानापुरता सीमित झाला. अशा रीतीने ज्याला स्वतःला सरहद्द ओलांडण्याची मुभा नव्हती त्याने पत्नी बेटी हिच्यासह मार्लवाई या गोंडांच्या खेड्यात बिऱ्हाड केले, आणि पाहिले ते सरकारच्या कानी घातले. त्यांच्या खटपटीने ‘लावणी खास’ या जुन्या कायदेशीर तरतुदीखाली गोंडांना जमिनीचे पट्टे मिळू लागले, मार्लवाईस गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले, गोंडी भाषेतील वाचनपाठ छापले गेले, आणि ते देवनागरीत, कारण लिहितेवाचते गोंड मराठी जाणत होते. बेटी यांचे १९८७ साली निधन झाले, तेव्हा त्यांची समाधी मार्लवाईतच झाली. हायमेनडॉर्फ यांच्या हातीही लेखणीच होती. परंतु ती त्यांनी समोरच्याच्या नावाने चालविली. माझ्या कथेत आगंतुकांच्या तांड्यातील जो एक कारकून शेवटी मागे राहतो त्याच्यात त्यांची छाया आहे हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल.

परंतु मला हादरविले ते हायमेनडॉर्फ यांनी नव्हे. त्या काळी सपाटीवरून किनवटच्या डोंगरात चढलेल्यांत आमच्या आजोळचे एक घर होते. त्या घरच्या सुबत्तेच्या कथा मी लहानपणी लाडू खात ऐकल्या आहेत: काळी कसदार जमीन, मोहाची झाडे, आणि ‘ती माणसे भोळी, मिठाच्या पुड्यावर राजी होणारी’ हे वाक्य. हे वाक्य मी कौतुकाने ऐकले होते. त्याचा अर्थ मला साठाव्या वर्षी कळला. कचेरीच्या दारात अंगठा उठविणारे माझे पणजोबा आणि डोंगरात दुसऱ्याचा अंगठा उठवून घेणारे माझे आजोळ, दोघांचेही रक्त ही प्रस्तावना लिहिणाऱ्या हातात आहे. त्या दिवशी मी पुस्तकाचा पहिला खर्डा बांधून ठेवला आणि नव्याने आरंभ केला. पहिल्या खर्ड्यात आगंतुक दुष्ट होते. आता ते कर्जबाजारी आहेत, त्यांना लेकीबाळी आहेत, त्यांच्या मागे दुष्काळ लागलेला आहे.

हेतू चांगला असला म्हणजे भेट चांगली होते, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले असता किल्लारीचा भूकंप झाला. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे, पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात गारवा देणारी, त्या एका क्षणी माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. मग देशातून आणि परदेशांतून मदत आली, आणि ती मनापासून आली. मी त्या वेळी एका मदतपथकाबरोबर नावे लिहून घेण्याचे काम केले आहे. बावन्न गावे सर्वस्वी नव्या जागी वसविली गेली. रस्ते सरळ, भूखंड सारखे, घरे काँक्रीटची आणि भूकंपाला न जुमानणारी. परंतु जुन्या गावात भावकीची एक आळी असे, वाड्याच्या ढेलजेत बसून म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला हटकीत असे, गुरे अंगणात डोळ्यांसमोर बांधलेली असत; नव्या आराखड्यात या गोष्टींना रकाना नव्हता. एका आजीने मला विचारले, ‘गुरुजी, घर झाक हाय, पर जनावर कुठं बांधू?’ मी तिचे नाव, वय आणि कुटुंबातील माणसांची संख्या लिहून घेतली होती. हा प्रश्न लिहिण्यास कागदावर जागा नव्हती, आणि मीही समासात तो लिहिला नाही.

मग भेटच टाळावी काय? अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटाचे रहिवासी तसेच म्हणत आले आहेत. ४ जानेवारी १९९१ रोजी मानववंशशास्त्रज्ञांच्या पथकाने पाण्यात सोडलेले नारळ त्यांनी पुढे येऊन, हसत, हातात घेतले. त्या प्रसंगाचे वर्णन वाचताना मला रुमालाची आठवण झाली, कारण त्यातही शब्द नव्हते आणि दोन्ही बाजूंचे हात पाण्यात होते. पुढे सरकारने या फेऱ्याच थांबविल्या, आणि २००४ च्या सागरी प्रलयानंतर हे लोक जगले की नाही हे पाहावयास गेलेल्या हेलिकॉप्टरवर एका बेटवासीयाने धनुष्य रोखले. तो नकार स्पष्ट आहे, आणि तो मानणे हाच तेथे विवेक होय. परंतु बेटाला समुद्राचा कोट असतो. देवणीला नव्हता, किनवटला नव्हता, माझ्या कुरणालाही नाही. बहुतेक लोकांना नकार देण्याची संधी मिळण्यापूर्वीच दारात कोणीतरी उभे असते.

आणि मनुष्याची हौस अशी की तो स्वतःहून दारे ठोठावीत निघाला आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे; तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही त्या तबकडीवर आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, यान निघाल्यावर काही दिवसांतच, केसरबाई निवर्तल्या. त्यांचा स्वर आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. कोणी अनोळखी जीव ती तबकडी कधी हाती घेईलच, तर आपण मराठी बोलणारे त्याच्या लेखी आगंतुक ठरू. प्रथम भेटीच्या या प्रकरणातून आता आपल्याला अंग काढून घेता येणार नाही.

भाषेविषयी एक खुलासा करणे इष्ट आहे. या पुस्तकात आगंतुक ज्या मराठीत बोलतात तीत संस्कृत आणि फारसी शब्दांचा भरणा आहे. ते तहकुबी देतात, तजवीज करतात, संवर्धन आणि उन्नयन यांची आश्वासने देतात. कुरणातील जीव मात्र आमच्या टापूतल्या गोठ्यांत ऐकू येणारी भाषा बोलतात. पहिली भाषा लिहिताना मला मुळीच सायास पडले नाहीत, हे मी लज्जेने नमूद करतो. दुसरीसाठी मला गावातील गुराख्यांच्या पायांशी जाऊन बसावे लागले. प्रस्तुत प्रस्तावनाही पहिल्याच भाषेत लिहिली गेली आहे, हे वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही. तसेच त्या जीवांच्या हातांना चार-चार बोटे असल्यामुळे त्यांचा हिशेब आठांवर फिरतो. त्यांच्या मुखी ‘शंभर’ येईल तेथे वाचकाने चौसष्ट समजावे. आगंतुक ही गोष्ट शेवटपर्यंत समजत नाहीत आणि जीवांना लबाड ठरवितात; वाचकाने तरी तसे करू नये.

शेवटी आजोबांचीच एक आठवण सांगून ही लांबलेली प्रस्तावना आटोपती घेतो. सौदा ठरला, रुमाल उचलला गेला, रक्कम मोजून झाली, म्हणजे ते बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवीत, आणि मग त्याच्या गळ्यातले आपले दावे सोडून घेत. घेणाऱ्याने आपले दावे आणावे, असा त्यांचा दंडक होता. बैल जाई, दावे आमच्या खुंटीवर परत येई. त्या सुंभाच्या जुन्या दाव्याची किंमत ती काय! तरीही ते कधी रुमालाखाली आले नाही, आणि घेणाऱ्यानेही ते कधी मागितले नाही. माझ्या कथेतील जीव आगंतुकांना कुरण देतात, गुरे देतात, गाठींचे हिशेब उलगडून दाखवितात, परक्यांनी दिलेले ते चुकीचे नावही मुकाट्याने स्वीकारतात. एक गोष्ट तेवढी देत नाहीत. ती कोणती, हे आगंतुकांच्या एकाही नोंदवहीत नाही, म्हणून या पुस्तकातही नाही. आणि खरे सांगावयाचे तर, ती मलाही त्यांनी सांगितलेली नाही.

देवणी, जि. लातूर
मृग नक्षत्र